तासगाव ते वाकड : एका कॉटच्या शोधाचे अठरा दिवस

माझ्या भाचीला १३ जून २०२४ ला संध्याकाळी कंपनीचा मेल आला. हिंजवडी, फेज दोन, १ जुलैला हजर व्हायचं. ताईनं देवापुढं साखर ठेवली, भावजींनी बागेतूनच पाहुण्यारावळ्यांना फोन केले, आणि रात्री नऊच्या सुमारास सगळ्यांच्या ध्यानात आलं की पोरगी राहणार कुठं हे कुणालाच ठाऊक नाही. पुण्यात आमचं जवळचं एकच घर, तेही हडपसरला. तिथून हिंजवडी गाठायची म्हणजे रोज अख्खं शहर ओलांडायचं.

मी सांगलीत विश्रामबागला राहते, एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. दर जूनला आमच्याकडची पोरं पुण्याला निघतात आणि पुढं दोन-तीन महिन्यांत त्यातल्या कुणाचं तरी डिपॉझिट अडकलेलं असतं, कुणाचं रूम पार्टनरशी वाजलेलं असतं. म्हणून या वेळी ठरवलं, भाचीचं घर शोधायचं तर वही घालायची. कुठं काय दिसलं, फोन कुणी उचलला, काय बोलला, सगळं तारीखवार. हे लिहिते आहे ते त्या वहीवरून. माणसांची नावं देत नाही.

हातात येणारा पगार २६ हजार. राहण्याखाण्याला महिना १० हजार, डिपॉझिटला २५ हजारांपर्यंत, हे भावजींनी सांगितलेले आकडे. भाचीची अट एकच होती : शिफ्ट दुपारी दीड ते रात्री साडेदहा असेल, तेव्हा रात्री अकराला दार उघडं मिळालं पाहिजे. ही अट तिनं अगदी सहज सांगितली होती. शेवटी सगळा निर्णय तिच्यावरच फिरला.

आधी एकच प्रश्न

दुसऱ्या दिवशी भाची माझ्याकडे आली तेव्हा तिच्या मोबाइलमध्ये साठ-सत्तर स्क्रीनशॉट होते. चार ॲप, तीन फेसबुक ग्रुप, एक टेलिग्राम. वाकड, बाणेर, मारुंजी, बावधन, सगळी कालवाकालव. एका जाहिरातीतलं भाडं पूर्ण फ्लॅटचं, दुसरीतलं एका कॉटचं, म्हणजे फ्लॅटमधल्या एकीच्या जागेचं, तिसरीत मेंटेनन्स धरलेला, चौथीत नाही. तुलना करणार कशाची?

मी तिला मोबाइल बाजूला ठेवायला लावला आणि वहीत प्रत्येक ठिकाणापुढं एकच गोष्ट लिहायला सांगितली : या ठिकाणाचं पोट कुणाच्या पैशावर भरतं? नोकरीत इतकी वर्षं कागद हाताळून माझं एक मत पक्कं झालंय. पैसे देणाऱ्याला जे दाखवायचं असतं, तेच आधी दिसतं. घराच्या जाहिरातीत तर हे फारच खरं आहे.

९९एकर्स हे इन्फो एज कंपनीचं, २००५ पासूनचं. मॅजिकब्रिक्स टाइम्स समूहाचं, २००६ चं. हाउसिंग डॉट कॉम मुंबईच्या आयआयटीतल्या मुलांनी २०१२ मध्ये सुरू केलं. या तिन्हींवर घरमालकही जाहिरात टाकतात आणि एजंटही. एजंटांचा तो रोजचा धंदा, म्हणून ते पैसे भरून जाहिरात वर आणतात. साहजिकच आपण फोन लावला की बहुतेक वेळा एजंटच उचलतो. नोब्रोकर २०१४ मध्ये सुरू झालं ते मालकाशी थेट गाठ घालून देण्यासाठी. तिथं दलाली नाही, पण सगळे नंबर हवे असतील तर आपल्याला प्लॅनचे पैसे भरावे लागतात. फेसबुकवरच्या ‘फ्लॅट आणि फ्लॅटमेट’ धर्तीच्या ग्रुपांत कुणीच कुणाला पैसे देत नाही. तिथं लिहितो तो बहुतेक घर सोडून निघालेला माणूस. राहिला कॉलेजच्या जुन्या मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप. तिथंही पैसे नाहीत, पण तिथं प्रत्येकाला आपलं नाव सांभाळायचं असतं.

एवढं लिहिल्यावर साठ स्क्रीनशॉटचे आपोआप चार ढीग पडले.

एजंट

पोर्टलवरच्या जाहिरातींवरून आम्ही नऊ फोन केले. आठ ठिकाणी एजंट निघाले. आपण ज्या फ्लॅटचं विचारतो तो ‘कालच गेला मॅडम, पण तसाच दुसरा आहे’, हे वाक्य दोन दिवसांत इतक्यांदा ऐकलं की भाची ते आधीच पुटपुटायला लागली. एजंटची दलाली एक महिन्याचं भाडं. एकट्या मुलीनं अख्खा फ्लॅट घ्यायचा तर ती झेपणारी नाही.

तरी या पोर्टलांचा आम्हाला मोठा उपयोग झाला, तो भाव कळायला. एकाच सोसायटीतल्या सात-आठ जाहिराती शेजारी ठेवल्या की टूबीएचके किती हजारांना जातो हे समजतं. वाकडला त्या जूनमध्ये ते २६ ते ३२ हजारांच्या मध्ये होतं. त्यामुळं पुढं कुणी २७ सांगितले तर ते वाजवी आणि कुणी १४ सांगितले तर तिथं पाणी मुरतंय, एवढं कळायला लागलं. आणि एजंटला मी शत्रू मानत नाही. तीन पोरींनी मिळून नवा फ्लॅट घ्यायचा असेल तर एका शनिवारात पाच किल्ल्या उघडून दाखवणारा माणूस लांबून आलेल्याला परवडतो.

मालकाशी थेट बोलताना मात्र वेगळंच दुखणं पुढं आलं. ‘बॅचलर चालणार नाहीत’ हे तर होतंच. एका घरमालकानं नमस्कार-चमत्काराआधी आडनाव विचारलं. भाचीनं सांगितलं. मग ‘नॉनव्हेज खाता का’, मग ‘कळवतो’. फोन ठेवल्यावर पोरगी गप्प बसून राहिली. तासगावसारख्या गावात शाळेपासून इंजिनीअर होईपर्यंत तिला असं कुणी विचारलं नव्हतं. मला त्या माणसाचा राग आला आणि तो अजून आहे. वहीत मी त्या नंबरापुढं फुली मारली आणि पुढं जायला सांगितलं. दुसरं काय करणार होतो?

नऊ हजारांत बाणेर

१६ जूनला रविवारी भावजींचा फोन आला. घर मिळालंय म्हणाले. बाणेरला वनबीएचके, सोफा, एसी, वॉशिंग मशिन, भाडं नऊ हजार. जाहिरात भाचीनंच घरच्या ग्रुपवर टाकली होती, भावजींनी तिच्यावरचा नंबर फिरवला होता. मालक म्हणे सीआयएसएफमध्ये, म्हणजे केंद्राच्या सुरक्षा दलात आहेत, बदली झालीय, म्हणून स्वस्तात देतायत. त्यांनी ओळखपत्राचा फोटोसुद्धा पाठवला. सोसायटीत घर बघायला जायचं तर गेट पास काढावा लागतो, त्याचे २,५०० रुपये, आणि ते डिपॉझिटमधून वळते होणार.

ताई मागून म्हणत होती, “न बघता पैसं पाठवायचं व्हय? घर हाय का न्हाई ते तरी बघा की.” भावजी म्हणाले, सैन्यातला माणूस खोटं कशाला बोलेल!

मी त्यांना फोटो पाठवायला सांगितले. दिवाणखान्याचा फोटो गुगल लेन्समध्ये टाकला, तर तोच सोफा, तोच पडदा हैदराबादच्या एका जाहिरातीत. मग भावजींना म्हटलं, त्या माणसाला पुन्हा फोन लावा आणि गेटवर येऊन रोख देतो म्हणा. त्यावर तो चिडला. मग ‘आधी मीच थोडे पैसे पाठवतो, तुमचा विश्वास बसावा म्हणून’ असं म्हणत त्यानं क्यूआर कोड पाठवला : हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील. भावजींचं बोट स्क्रीनवर होतं.

हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला कधीच पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला म्हणजे पैसे गेले. गेलेच असतील तर तासाभराच्या आत १९३० ला फोन करायचा, सायबर गुन्ह्यांची ती राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. जितका लवकर फोन, तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता जास्त. आमचे वाचले. गणवेशाचा फोटो दाखवून फसवण्याची ही रीत आता देशभर चालते, कारण आपल्याकडे घरटी कुणीतरी फौजेत असतो आणि त्या कपड्यावर आपला जीव असतो.

सोडून जाणारी मुलगी

फेसबुक ग्रुपात सगळ्यात जास्त माल होता आणि सगळ्यात जास्त गोंधळही. ‘वन रिप्लेसमेंट नीडेड, फीमेल, वाकड, फुली फर्निश्ड.’ ही रिप्लेसमेंटची भानगड आमच्या पिढीला माहीत नसते. तिघीजणी फ्लॅटमध्ये राहतात, एकीला निघायचंय, आणि तिचं डिपॉझिट मालकाकडे आहे. मालक म्हणतो, करार संपेपर्यंत पैसे देत नाही. मग ती आपल्या जागी दुसरी मुलगी आणते आणि आपले पैसे तिच्याकडून घेऊन जाते. म्हणजे जाहिरात लिहिणारीचे २०-२५ हजार तुमच्या होकारावर अडकलेले असतात. ती खोटं बोलते असं मी म्हणत नाही. पण घरातली कुरकुर ती तुम्हाला कशाला सांगेल?

म्हणून आम्ही एक रीत ठेवली. मागची मुलगी का चालली, हा प्रश्न तिलाही विचारायचा आणि मागे राहणाऱ्या दोघींनाही, वेगवेगळ्या फोनवर. बालेवाडीच्या एका फ्लॅटचे फोटो फार छान होते, कॉटचं भाडं ८,५००. निघणारी म्हणाली, लग्न ठरलंय. मागे राहणारी पटकन बोलून गेली, “तिला पाण्याचं जमेना.” मग व्हिडिओ कॉलवर नळ सोडून दाखवायला सांगितलं. सकाळचे साडेअकरा वाजले होते. नळानं नुसता सुस्कारा टाकला. पाणी सकाळी सात ते आठ, बाकी दिवसभर बादल्या, आणि टँकरची वर्गणी वेगळी.

त्यानंतर प्रत्येक व्हिडिओ कॉलला भाची नळ उघडायला लावायची. बाथरूमचा, स्वयंपाकघरातला, दोन्ही. त्याबरोबर जिना, दाराची कडी, कॉटजवळ मोबाइलला किती रेंज येते, आणि खिडकीतून खाली काय दिसतं. नकाशावर अंतर बघताना निघायची वेळ कामाच्या दिवशीची टाकायची. मंगळवारी सकाळी भूमकर चौकातून हिंजवडीत शिरणं आणि रविवारी शिरणं, यांत तासाभराचा फरक पडतो.

जुन्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दहा दिवसांत फक्त तीन निरोप आले. एक मुलांच्या फ्लॅटचा, म्हणजे कामाचा नाही. दुसरा खराडीचा, तो शहराच्या दुसऱ्याच बाजूला. तिसरा वाकडचा : आमच्या कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या एका मुलीच्या ऑफिसातली मैत्रीण जिथं राहते, तिथं १ जुलैपासून जागा. फोटो एकच, तोही अंधारातला. पण त्या सीनिअरला मी फोन करून विचारू शकत होते, की तू स्वतः त्या घरात जाऊन आलीस का. ती म्हणाली, तीनदा जेवून आले मॅडम.

२२ जूनचा शनिवार

शुक्रवारी रात्री सांगलीहून ट्रॅव्हल्स पकडली. पुणे साधारण २३० किलोमीटर. गाड्या बायपासनं जातात त्यामुळं स्वारगेटला उतरून पुन्हा उलटं यायची गरज नाही, नवले पूल, वारजे, चांदणी चौक करत थेट वाकडला उतरता येतं. उजाडायला आम्ही दोघी पुलाखाली चहा घेत उभ्या होतो. हेसुद्धा वहीत लिहिलं : दर पंधरवड्याला घरी जाणाऱ्या पोरीला हायवेजवळचं घर सोयीचं.

तीन जागा बघितल्या. बालेवाडीची नळासाठी बाद होती, तरी डोळ्यांनी बघितली. फोटो खरे होते, पाणीही सांगितलं तसंच होतं. हिंजवडीजवळच्या माणचा पीजी, म्हणजे मुलींचं खासगी वसतिगृह, कंपनीपासून चालत पंधरा मिनिटांवर. चार कॉट, दोन वेळचं जेवण, महिना ९,५००, वर काही नाही. वाकडच्या घरी कॉटचे ९,०००, शिवाय लाइट, गॅस, वायफाय आणि स्वयंपाकाच्या मावशींचे मिळून २,३०० च्या आसपास.

रुपयाचाच हिशेब धरला तर पीजी सरळ जिंकतो, आणि मी भावजींना तसं लपवाछपवी न करता सांगितलं. पण पीजीचं गेट रात्री दहाला बंद. काकूंना विचारलं, शिफ्ट साडेदहाला सुटते, काय करायचं? त्या म्हणाल्या, एखाद्या वेळेस उघडू, रोज नाही जमणार. कुठल्याच ॲपवर, कुठल्याच जाहिरातीत गेटची वेळ लिहिलेली नव्हती. ताईनं फोनवर विचार केला आणि म्हणाली, “ठरल्यापेक्षा तेराशे जास्त जाऊ देत. पोरगी रस्त्यावर नको उभी राहायला.”

वाकडच्या दोघी, एक बार्शीची, एक चाळीसगावची. आम्ही गेलो तेव्हा बार्शीची भांडी घासत होती आणि तिनं हात पुसत पुसतच सगळं सांगितलं. चाळीसगावची नाइट शिफ्ट करते, सकाळी अकरापर्यंत झोपते, तेव्हा मिक्सर लावायचा नाही. मटण चालतं, पण मावशी करत नाहीत, स्वतः करायचं. मित्र घरी आणायचे नाहीत, हे मालकाचं. भाड्याचे पैसे पाच तारखेच्या आत, हे तिचं. निघून जाणाऱ्या मुलीचं ऑफिस खराडीला हललं होतं, आणि ‘आमचं फोनवर मोठ्यानं बोलण्यावरून थोडं वाजायचं’, हेही तिनं न विचारता सांगितलं. निघणारीला मी नंतर विचारलं, तर तिनंही तेच सांगितलं. दोन्हीकडून एकच उत्तर आलेलं ते पहिलं घर. मला तेवढं पुरलं.

अंगठा

खरी ओढाताण कराराची झाली. जुना करार तिघींच्या नावावर, चार महिने शिल्लक. निघणारी म्हणाली, माझे २५ हजार मला जीपे करा, मी किल्ली देते. मालक म्हणाले, चार महिन्यांसाठी कशाला नवीन कागद? मी दोघांनाही नाही म्हटलं. भाचीचे पैसे मालकाच्या खात्यात जातील आणि मालक त्या मुलीला परत देतील. आणि भाचीचं नाव नोंदवलेल्या करारात असेल. नाहीतर उद्या वाद झाला तर ही पोरगी त्या घरात कोण?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर भाड्यानं देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एवढंच नाही, वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे मालकांना शांतपणे सांगितलं. माणूस भला होता. फक्त खर्चाला भीत होता. मग अकरा महिन्यांच्या नव्या कराराचा हिशेब कागदावर मांडला. भाडं २७,००० गुणिले ११ महिने म्हणजे २,९७,०००. डिपॉझिट ७५,०००, त्यावर वर्षाला १० टक्के दरानं अकरा महिन्यांचं धरायचं व्याज ६,८७५. दोन्हीची बेरीज ३,०३,८७५, तिचे पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साडेसातशे-आठशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,०००. वर कागदपत्रांचं किरकोळ शुल्क आणि घरी येणाऱ्या माणसाची मजुरी. तिघींनी आणि मालकांनी वाटून घ्यायचं ठरलं आणि प्रश्न मिटला.

२९ जूनला नोंदणी करून देणारा मुलगा लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन आला. पोरींचे अंगठे एका दमात उमटले. मालकांचं वय चौऱ्याहत्तर, अंगठ्यावरच्या रेषा झिजलेल्या. तीनदा यंत्रानं नाकारलं. बार्शीच्या पोरीनं ओलं फडकं आणलं, त्यांचा अंगठा पुसला, थोडा दाबून धरला, तेव्हा चौथ्यांदा हिरवा दिवा लागला. भाडेकरूंची माहिती पिंपरी-चिंचवड पोलिसांच्या संकेतस्थळावरही त्याच मुलानं भरून दिली.

ताब्यात घेताना भाचीनं त्रेचाळीस फोटो काढले : भिंती, कपाटाची आतली बाजू, गिझर, मीटरचा आकडा, आणि वॉशबेसिनच्या कोपऱ्यातला तडा. फोटो तिनं त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवले, म्हणजे तारीख दोघांकडेही राहिली.

करार ३१ मे २०२५ ला संपला. भाचीची बदली बंगळूरला झाली होती. मालकांनी डिपॉझिटमधून वॉशबेसिनचे दोन हजार धरले होते. तिनं १ जुलैचा फोटो पुन्हा पाठवला, आणि त्यांनी तो आकडा खोडला. रंगाचे सहा हजार तिघींत वाटले गेले, कारण ते करारात लिहिलेलं होतं. १२ जूनला तिच्या खात्यात २३ हजार जमा झाले. तिच्या कॉटसाठी आलेल्या नव्या मुलीला, ती कवठेमहांकाळची, भाचीनं फोनवर सांगितलेली पहिली गोष्ट मिक्सरची होती.